धरण दिवसा फुटलं: लष्करी हस्तक्षेप बरोबर की चूक, हे मोजायचं कसं?

22 जून 2025, रविवार. सकाळी पुण्यात तळजाईच्या टेकडीवर आमच्या नेहमीच्या बाकाशी पोचेपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच बातमी आली होती. अमेरिकेच्या विमानांनी इराणमधल्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर हल्ला केला होता. पाच मिनिटांत बाकावर दोन तट पडले. एक म्हणाले, "बरं झालं, एकदाचा काटा निघाला." दुसऱ्यांनी विचारलं, "पण यांना अधिकार दिला कुणी?" आवाज चढले, चहा गार झाला. दोघं एकाच प्रश्नावर भांडतायत असं सगळ्यांना वाटत होतं. खरं तर प्रश्न दोन होते. पहिले निकालाबद्दल बोलत होते, दुसरे कारणाबद्दल.

बाकाच्या टोकाला सुभेदारकाका गप्प बसले होते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त झालेले, 1987 साली श्रीलंकेत जाफन्याला सुरुंग काढायला गेलेले. उठताना एवढंच म्हणाले, "काय करायला चाललोत असं सांगितलं होतं, ते आधी लिहून ठेवा. मग भांडा."

त्या वाक्यामुळे हा लेख लिहायला बसलो. कुठल्याही लष्करी हस्तक्षेपाची बातमी आली की आपण गोंधळतो, कारण मोजायची पट्टीच हातात नसते. लष्करी हस्तक्षेप म्हणजे एका देशाने किंवा देशांच्या गटाने दुसऱ्या देशाच्या हद्दीत सैन्यबळ वापरणं. ताज्या घटनेवर पट्टी शिकता येत नाही, तिथे मन आधीच एका बाजूला झुकलेलं असतं. म्हणून उदाहरण घेऊ लिबियाचं, 2011 सालचं. धुरळा पुरेसा खाली बसला आहे आणि कागदपत्रंही बाहेर आली आहेत.

पोचला म्हणून बरोबर ठरत नाही

लक्ष्मी रोडवर एखादा उलट्या दिशेने गाडी घालतो आणि वेळेत ऑफिसला पोचतो. तो पोचला, म्हणून त्याने केलं ते बरोबर होतं का? दुसरा सिग्नल पाळून, हेल्मेट घालून निघतो आणि मागून येणारी पीएमटीची बस त्याला ठोकते. त्याचं काय चुकलं? रस्त्यावर आपल्याला हे लगेच कळतं. युद्धाच्या बाबतीत मात्र जिंकलं की सगळं माफ, आणि फसलं की पहिल्यापासूनच वेडेपणा होता, असं आपण बिनदिक्कत म्हणून टाकतो.

निर्णयाचा न्याय त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर करायचा. परिणामाचा न्याय नंतर घडलेल्या गोष्टींवर. या दोन नोंदी वहीच्या दोन वेगळ्या पानांवर हव्यात.

कुणाच्या घरात कधी शिरता येतं?

संयुक्त राष्ट्रांची सनद 1945 ची. तिचा मूळ नियम असा की दुसऱ्या देशावर बळ वापरायचं नाही. अपवाद दोनच. स्वतःवर सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षण, नाहीतर सुरक्षा परिषदेची परवानगी. या परिषदेत 15 सदस्य असतात. त्यातल्या अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधात मत दिलं की ठराव पडतो.

आता सोसायटीत राहणाऱ्या माणसाला सहज पडेल असा प्रश्न. शेजारच्या फ्लॅटमधून बायकोमुलांच्या किंकाळ्या येतायत, दार आतून बंद आहे, तर "त्यांचा घरगुती मामला" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचा का? 1994 साली रवांडात जगाने नेमकं हेच केलं. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं कापली गेली. पुढच्याच वर्षी बोस्नियात स्रेब्रेनित्सामध्ये आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले, तेही संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित' म्हणून जाहीर केलेल्या जागेत.

त्या लाजेतून 2005 साली सगळ्या देशांनी एक तत्त्व मान्य केलं: 'संरक्षणाची जबाबदारी'. आपल्या लोकांना वंशसंहारापासून वाचवणं हे आधी त्या त्या सरकारचं काम. ते उघडउघड अपयशी ठरलं आणि शांततेचे मार्ग पुरे पडले नाहीत, तर सुरक्षा परिषदेमार्फत जगाने पुढे व्हायचं. म्हणजे दार तोडायला परवानगी आहे, पण सोसायटीच्या सभेत ठराव करून आणि फक्त मारहाण थांबवण्यापुरती.

बेंगाझी, मार्च 2011

मुअम्मर गद्दाफी 1969 पासून लिबियाच्या गादीवर होता. फेब्रुवारी 2011 मध्ये पूर्वेकडच्या बेंगाझी शहरात उठाव झाला आणि सैन्याने निदर्शकांवर गोळ्या चालवल्या. 26 फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी घातली आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवलं. भारताने त्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. मार्चच्या मध्यापर्यंत गद्दाफीच्या तुकड्या बेंगाझीच्या तोंडाशी आल्या, आणि 'दयामाया नाही' अशी त्याची धमकी रेडिओवरून लोकांनी ऐकली.

17 मार्चला ठराव क्रमांक 1973 आला. लिबियावर विमानं उडवायला बंदी आणि नागरिकांच्या रक्षणासाठी 'आवश्यक ते सर्व उपाय' करायची मुभा. परकीय फौजेने देश ताब्यात घ्यायचा नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बाजूने दहा मतं पडली, विरोधात एकही नाही. भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. भारताचं म्हणणं असं होतं की प्रत्यक्ष परिस्थितीची भरवशाची माहिती फारशी हातात नाही, आणि ठरावाची अंमलबजावणी कोण, कशी करणार हेही स्पष्ट नाही. तेव्हा अनेकांना हा पळपुटेपणा वाटला, मलाही वाटला होता. आज ते म्हणणं पुन्हा वाचलं की आपल्या प्रतिनिधींनी नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं हे कळतं.

एक युद्ध नव्हतं, तीन निर्णय होते

लिबियातला हस्तक्षेप बरोबर होता का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण एकाच नावाखाली तीन वेगवेगळे निर्णय घेतले गेले.

पहिला निर्णय 19 मार्चचा. फ्रान्सच्या विमानांनी बेंगाझीकडे निघालेल्या रणगाड्यांवर हल्ला केला आणि फौज थांबली. माझ्या मते हा निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर समर्थनीय होता. अरब लीग या अरब देशांच्या संघटनेने स्वतः उड्डाणबंदी मागितली होती, परवानगी होती, हेतू लेखी होता आणि काम मर्यादित होतं. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने 2016 साली अहवालात म्हटलं की नागरिकांना असलेला धोका नीट तपासलाच गेला नव्हता, गद्दाफीच्या धमक्या शब्दशः घेतल्या गेल्या. हा आक्षेप गंभीर आहे. पण दाराआडच्या किंकाळ्या ऐकून आत शिरणाऱ्याला रक्ताचा नमुना तपासायला वेळ नसतो. धमकी देणाऱ्याच्या हातात कोयता असेल तर ती खरी धरावीच लागते.

दुसरा निर्णय एप्रिलमधला, आणि गाडी घसरली ती इथे. आफ्रिकन युनियन या आफ्रिकी देशांच्या संघटनेचं शिष्टमंडळ 10 एप्रिलला राजधानी त्रिपोलीत गेलं. शस्त्रसंधी आणि वाटाघाटींचा प्रस्ताव गद्दाफीने स्वीकारला. बंडखोरांनी दुसऱ्या दिवशी फेटाळला, कारण त्यात गद्दाफीने जायची अट नव्हती. त्याच आठवड्यात अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचे तेव्हाचे प्रमुख ओबामा, कॅमेरॉन आणि सार्कोझी यांनी एकत्र लेख लिहून जाहीर केलं की गद्दाफी सत्तेवर असलेला लिबिया कल्पनेतही बसत नाही. बेंगाझीतली माणसं वाचवायला म्हणून मागितलेल्या परवानगीवर आता सरकार उलथवण्याचं काम सुरू झालं. दार तोडून मारहाण थांबवली इथपर्यंत ठीक, पण मग फ्लॅटचा मालकच बदलून टाकला. नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीच्या मोहिमेत 31 ऑक्टोबरपर्यंत विमानांची सुमारे 26,000 उड्डाणं झाली. पायदळ एकही उतरवलं नाही, पण बंडखोरांसाठी आकाशातून लढाई लढली गेली. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने यातल्या आठ हवाई हल्ल्यांत किमान 72 नागरिक मेल्याची नोंद केली आहे.

हेतू बदलायचा असेल तर नवी परवानगी मागायला हवी होती. ती मिळाली नसती हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून ती मागितलीच गेली नाही. ही फसवणूक मला आजही टोचते, कारण तिची किंमत पुढे दुसऱ्यांनी मोजली. सीरियातल्या यादवीचा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे आला तेव्हा रशियाने आणि चीनने लिबियाचा दाखला देत ठराव अडवले.

तिसरा निर्णय निघून जाण्याचा. 20 ऑक्टोबरला गद्दाफी सिर्त शहराजवळ पकडला आणि मारला गेला, अकरा दिवसांत मोहीम संपली. शस्त्रांची कोठारं उघडी पडली होती आणि डझनावारी हत्यारी टोळ्या मोकळ्या होत्या. ऑपरेशन करून सर्जन निघून गेला, वॉर्डात ना नर्स ना सलाइन. गद्दाफी गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय, याची तयारी केली नाही ही माझ्या कारकिर्दीतली बहुधा सर्वांत मोठी चूक, असं ओबामांनी 2016 साली स्वतः म्हटलं.

"पण गद्दाफी गेला ना?"

गेला. बेचाळीस वर्षांचा जुलूम संपला. ज्यांची पोरं त्याच्या तुरुंगात मेली त्यांना हे क्षुल्लक वाटणार नाही, आणि वाटूही नये. पण निकाल कधी मोजता यावर उत्तर बदलतं.

जुलै 2012 मध्ये मोजला असता तर लिबियात बऱ्यापैकी शांतपणे निवडणूक झाली होती, सगळे टाळ्या वाजवत होते. सप्टेंबर 2012 मध्ये त्याच बेंगाझीत अमेरिकेचा राजदूत मारला गेला. 2014 मध्ये देशात दोन सरकारं होती आणि नवं यादवी युद्ध. गद्दाफीच्या फौजेत नोकरीला असलेले तुआरेग या सहारातल्या भटक्या जमातीचे लढवय्ये हत्यारांसह पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत परतले, 2012 च्या सुरुवातीला तिथे बंड पेटलं, मार्चमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि उत्तरेकडची शहरं कट्टर टोळ्यांच्या हातात गेली. तिथे 2013 च्या जानेवारीत फ्रान्सला आणखी एक हस्तक्षेप करावा लागला. लिबियाच्या ताळेबंदात मालीचा खर्च कोण धरणार?

हस्तक्षेप झालाच नसता तर?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न, आणि पुणेकराला तो समजायला परदेशात जावं लागत नाही.

माझी आजी 1961 साली नारायण पेठेत नदीकडच्या अंगाला राहायची. 12 जुलैच्या सकाळी गल्लीत ओरडा झाला, "पळा, पानशेत फुटलं." चुलीवरचं दूध तसंच टाकून, माझ्या वर्षाच्या वडिलांना काखोटीला मारून ती पर्वतीच्या दिशेने निघाली. संध्याकाळी परत आली तर वाड्याच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत चिखल होता. भिंतीवरची ती मातकट रेघ तिने नंतर दोनदा चुना काढला तरी पावसाळ्यात उमटायची. मी लहानपणी त्या रेघेवरून बोट फिरवलं आहे.

आदल्या रात्री धरणाच्या भिंतीवर लष्कराचे जवान पावसात वाळूची पोती रचत होते. भिंत अखेर फुटलीच, शेकडो जीव गेले. मग ती पोती फुकट गेली का? निकालाच्या पानावर 'धरण फुटलं' एवढंच लिहिलं तर हो. पण जवानांमुळे ते रात्रीऐवजी दिवसा फुटलं, माणसं जागी होती आणि पळू शकली. आजी म्हणायची, "दिवसा फुटलं म्हणून तुझा बाप वाचला."

हस्तक्षेपाची तुलना 'आधी सगळं कसं होतं' याच्याशी करून भागत नाही. ती 'केलं नसतं तर काय झालं असतं' याच्याशी करावी लागते. ते जग कुणीच पाहिलेलं नसतं, म्हणून दोन्ही बाजूंना हवं ते सांगता येतं. एक पक्ष म्हणतो, नाटो नसती तर गद्दाफीने काही आठवड्यांत उठाव चिरडला असता आणि युद्ध तिथेच संपलं असतं. दुसरा सीरियाकडे बोट दाखवतो. तिथे बंडाच्या सुरुवातीला कुणी असं उतरलं नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2011 ते 2021 या दहा वर्षांत तीन लाखांवर नागरिक मेले. मला सीरियाचा दाखला जास्त वजनदार वाटतो, पण तो पहिल्या निर्णयापुरता. बेंगाझी वाचवणं आणि त्रिपोली पाडणं यात अंतर होतं, आणि सीरियाच्या आकड्याने ते अंतर बुजत नाही.

मग डेर्नाचं खापर कुणावर?

लिबियातल्या डेर्ना शहराच्या वर, कोरड्या नदीच्या खोऱ्यात, 1970 च्या दशकात बांधलेली दोन मातीची धरणं होती. भेगा जुन्या होत्या. दुरुस्तीचं काम 2010 साली सुरू झालं आणि 2011 च्या उठावात थांबलं ते थांबलंच. 2014 पासून तर देश वाटला गेलेला, कुठल्या सरकारने कुठल्या भिंतीवर सिमेंट ओतायचं हेच ठरत नव्हतं. 10 सप्टेंबर 2023 ला 'डॅनियल' वादळाचा पाऊस कोसळला, आणि मध्यरात्रीनंतर, शहर झोपेत असताना, दोन्ही धरणं फुटली. हजारो माणसं समुद्रात वाहून गेली.

ती बातमी आली तेव्हा मला आजीचं वाक्य आठवलं आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

हे पाप नाटोचं म्हणायचं का? सरळ हिशेबाने नाही. भेगा गद्दाफीच्या काळातल्या, काम थांबलं ते उठावामुळे, नाटो यायच्या आधी. नंतरच्या पुढाऱ्यांनी पैसे कुठे घातले हा आणखी वेगळा जाब आहे. पण ज्याने सरकार पाडायची जबाबदारी अंगावर घेतली, त्याला दुसऱ्याच दिवशी 'धरणाची डागडुजी कोण करणार' हे विचारणं भाग होतं. राज्य म्हणजे महालातला माणूस नव्हे. भेगेची नोंद ठेवणारा कनिष्ठ अभियंता, त्याचा पगार, त्याची वरिष्ठांना गेलेली फाइल, हे सगळं मिळून राज्य होतं. बॉम्बने महालातला माणूस जातो, आणि त्याच्यासोबत ती फाइलही जाते.

"युद्धात कसले आलेत नियम?"

हा आक्षेप कट्ट्यावर हमखास येतो. निदान मराठी माणसाने तो घेऊ नये. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र आपण शाळेपासून ऐकतो. फौजेने रयतेकडून दाणावैरण ओरबाडली तर लोक म्हणतील मोगल परवडले, असा त्याचा आशय. ज्यांच्या रक्षणासाठी आलो त्यांनाच जाच झाला तर यायचं कारणच संपतं, हे सतराव्या शतकात एका राजाला लख्ख दिसत होतं.

आपलंही तपासू

1971 साली भारताने पूर्व पाकिस्तानात सैन्य घातलं तेव्हा सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते. पाकिस्तानने 3 डिसेंबरला आपल्या विमानतळांवर हल्ले केल्यामुळे स्वसंरक्षणाचं कारणही हातात आलं. सांगितलेला हेतू होता निर्वासित परत जावेत हा. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, निर्वासित माघारी गेले, आणि मार्च 1972 मध्ये आपलं सैन्य परत आलं. पुढे बांगलादेशात काय काय झालं हा वेगळा इतिहास, पण जे सांगून गेलो ते करून परतलो. लिबियाशेजारी ही नोंद ठेवली की फरक डोळ्यांत भरतो.

श्रीलंकेची नोंद अशी नाही, आणि इथे सुभेदारकाका येतात. परवा मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून भारत-श्रीलंका कराराची झेरॉक्स काढली. तारीख 29 जुलै 1987. घडीवर कागद फाटायला आलेला, एका कलमाखाली निळ्या पेनाने रेघ. लढाई थांबल्यापासून 72 तासांत सगळे तमिळ अतिरेकी गट शस्त्रं खाली ठेवतील, असं ते कलम. आपली शांतिसेना ते पाहायला गेली होती. ऑक्टोबरात तीच सेना जाफन्यासाठी त्यातल्याच एका गटाशी, तमिळ वाघांशी (एलटीटीई), गल्लीगल्लीत लढत होती. शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला परतली. साडेअकराशेहून जास्त जवान गेले.

"बहात्तर तास," काका कागदावर बोट ठेवून म्हणाले. "बत्तीस महिने लागले."

मी विचारलं, "मग जायला नको होतं का, काका?"

"जायचं की नाही हे मला कुणी विचारलं नव्हतं, बाळा. पण ऑक्टोबरात काम बदललं, तेव्हा दिल्लीत कुणीतरी उठून म्हणायला हवं होतं की आता हे ते काम राहिलेलं नाही." त्यांनी झेरॉक्स पुन्हा त्याच घडीत मिटली. घोरपडीला लोकवर्गणीतून उभं राहिलेलं युद्धस्मारक आहे. दर ऑक्टोबरात ते तिथे जातात, एका नावासमोर उभे राहतात आणि परत येतात. या वेळी मी त्यांना गाडीवरून सोडणार आहे.